कादंबरी, चित्रांची पोथी आणि विहिरीचा काठ

भाताची लावणी उरकली, पायाचा चिखल वाळला आणि बेणणी सुरू होईपर्यंत हाताला आठ-पंधरा दिवसांची उसंत मिळाली, तेव्हा आम्ही यंदा एक वेडेपणा केला. पुण्यास कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या पुतणीने पिशवी भरून पुस्तके आणली होती. त्यांत कादंबऱ्या होत्या आणि चित्रांतून गोष्ट सांगणारी दोन जाड पुस्तकेही होती. ती सारी आम्ही एकामागून एक वाचून काढली. ही वार्ता इंदुरीत पसरण्यास वेळ लागला नाही. दाभाड्यांच्या गढीच्या बुरुजाखाली एका शेजाऱ्याने आम्हांस गाठले व चारचौघांत विचारले, "काय हो, कादंबऱ्या वाचून भाताला खत पडते काय?"

प्रश्न रोकडा आहे. त्यास उत्तरही रोकडेच दिले पाहिजे, म्हणून हा लेख.

पहिल्याने हे कबूल करतो की, हा आक्षेप काही वर्षांपूर्वी आमचाही होता. कादंबरी म्हणजे माडीवर लोळणाऱ्यांची करमणूक. ज्याला पहाटे धारा काढायच्या आहेत, ज्याला भाता ओढायचा आहे किंवा चाक फिरवायचे आहे, त्याचा तिच्याशी काय संबंध, असे आम्हांस वाटे. आमच्या घरी पुस्तक म्हणजे श्रावणातली पोथी. त्या पोथीत राजे असत, ऋषी असत, राक्षस असत. पण राजाच्या रथाला चाके करणारा सुतार, त्याच्या घोड्याला नाल ठोकणारा लोहार आणि त्या साऱ्या सैन्याला पुरेल इतके धान्य पिकवणारा कुणबी, हे कोठे राहतात, काय खातात, घरात बायकोशी कसे बोलतात, याचा पत्ता लागत नसे. ऐकता ऐकता आपल्या मनावर एक गोष्ट पक्की बसली: गोष्ट ही नेहमी दुसऱ्या कोणाची असते, आपण फक्त ती ऐकायची.

ही समजूत खोटी आहे, हे आमच्याच लोकांनी फार पूर्वी दाखवून दिले होते. आम्ही ते विसरलो इतकेच. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' हे विधवांच्या दुःखाचे पुस्तक १८५७ साली निघाले. मराठी कादंबरीचा आरंभ तेथे मानतात. त्यास तीस-एक वर्षे होतात न होतात तोच, १८८८ साली, 'दीनबंधू' पत्र काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांनी 'बळीबा पाटील' ही शेतकऱ्याची कादंबरी लिहिली. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालविणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' लिहून लोकांस हसविले व हसता हसता विचारही करावयास लावला. तेव्हा कादंबरी ही आपल्या घरात उपरी पाहुणी नाही. ती पूर्वीच येऊन गेली होती. आपणच तिला ओसरीवरून परत पाठविले.

असो. आता यंदा काय वाचले ते सांगतो. आम्ही टीकाकार नव्हे. जे मनास लागले ते आणि जे खटकले ते, दोन्ही मोकळेपणी लिहितो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) प्रथम हाती घेतली. माणदेशातली धनगरांची लहानशी वाडी, तेथे आलेला कोवळ्या वयाचा मास्तर, वाडीचा म्हातारा कारभारी, सर्वांनी मिळून उभी केलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळ पडून मेंढरे घेऊन देशोधडीला लागलेली माणसे. पुस्तक लहान, पण एकही ओळ फुकट नाही. लेखकाने वाडीला हिणवले नाही की तिला देव्हाऱ्यातही बसविले नाही, हा मोठा गुण. मात्र एक गोष्ट राहून राहून मनात येते. ही वाडी आपण मास्तरच्या खिडकीतून पाहतो. मास्तर भला आहे, तरी खिडकी ती खिडकीच. धनगर स्वतः बोलू लागला तर काय सांगेल, ते ऐकावयास कान तहानलेलेच राहतात.

ती तहान आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'ने (१९७१) भागविली. हिच्यात नारबा नावाचा शेतगडी आपल्याच बोलीत बोलतो. त्याला ना बायको, ना पोर, ना स्वतःची जमीन. मालकाच्या मळ्यातली गुरेढोरे हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो. ट्रॅक्टर आला की बैलांचे काम संपले. बैलांचे काम संपले की नारबाचेही संपत आले. हे पुस्तक वाचताना आम्ही दोनदा उठून गोठ्यात जाऊन आलो. मावळात आज नांगराला बैल कितीसे उरले? शर्यतीचे बैल आहेत. त्यांना बदाम मिळतात, फुलांच्या माळा मिळतात, त्यांच्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंतही भांडले. पण ज्याच्या खांद्याला जुवाचा घट्टा पडलेला आहे असा बैल, आणि त्याच्याशी दिवसभर बोलणारा गडी, हे दोघेही दाराआड गेले. ट्रॅक्टर नको असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही तो भाड्याने आणतो. परंतु कोणत्याही नव्या यंत्राबरोबर कोणाचा तरी गोतावळा मोडतो आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडला जात नाही. तो हिशेब या कादंबरीने मांडला आहे.

कारागिरांच्या घरांसाठी रा. रं. बोराडे यांचा 'पाचोळा' (१९७१) आम्ही मुद्दाम सुचवितो. गंगाराम शिंप्याचा संसार गावच्या सत्तेच्या आणि त्याच्या स्वतःच्या ताठ्याच्या कात्रीत कसा सापडला, हे त्याची बायको पार्वती आपल्या मराठवाडी बोलीत सांगते. शिंपी, सुतार, लोहार, कुंभार यांची घरे गावात असतात, पण गावकीचा निवाडा होतो तेव्हा ती काठावर उभी असतात. गावचा बडा माणूस रुसला तर शेतकऱ्याचे एखादे पीक जाईल. कारागिराचे तर गिऱ्हाईकच जाते. ही गोष्ट बाईच्या तोंडून आली हे विशेष. पुरुषाला मान गेल्याचे दुःख असते, बाईला चूल विझण्याची धास्ती. आणि पुष्कळ वेळा मानापायीच चूल विझते. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मधली कौतिक हीसुद्धा शिंप्याच्या घरचीच. नवरा नेटका नाही, हाती पैसा नाही, तरी ती बाई घर ओढत राहते. अशी बाई आमच्या प्रत्येक आळीत एक तरी आहे. तिला आपण 'कामाची आहे' म्हणतो आणि तेवढ्यावर तिचे देणे फिटले असे समजतो.

यानंतर सदानंद देशमुखांचे 'बारोमास' (२००२) वाचले. साहित्य अकादमीने हिला २००४ सालचे पारितोषिक दिले. शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ शिकून मोठ्या पदव्या घेतो. पण नोकरी हवी तर संस्थावाल्यांस पैसे मोजावे लागतात, आणि पैसे हवेत तर जमीन विकावी लागते. ही कथा विदर्भातल्या बुलढाण्याकडची, पण वाचताना आम्हांस इंदुरीचाच रस्ता दिसत होता. आमच्या एका बाजूला तळेगाव, दुसऱ्या बाजूला चाकण, दोहोंकडे कारखाने. मधल्या भातखाचरांवर आज प्लॉटच्या पाट्या रोवल्या आहेत. घराघरात दोन भाऊ समोरासमोर बसले आहेत: एक म्हणतो विकू, दुसरा म्हणतो ठेवू. दोघेही खोटे नाहीत. ज्यांच्या घरात हा तंटा चालू आहे त्यांनी वकिलाकडे जाण्यापूर्वी एक रात्र हे पुस्तक वाचावे. निकाल त्यात नाही. पण समोरचा भाऊ असे का बोलतो, ते त्यात आहे.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ सालचे अकादमीचे पारितोषिक मिळाले. धरणाने उठविलेल्या गावचा माणूस मागे राहिलेल्या आपल्या म्हशीसाठी परत त्या ओसाड रानात जातो, असा तिचा विषय. ज्या मावळखोऱ्यांनी टाटांच्या धरणांची बांधकामे पाहिली, १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह केला, पुढे पवनेचे धरण पाहिले, त्यांना ही गोष्ट दुसऱ्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आता खटकले तेही सांगतो. शेतकऱ्यावर लिहायचे म्हणजे त्याला रडवायचे आणि शेवटी मारायचे, अशी एक रीतच पडू पाहत आहे. दुःख खोटे नाही. परंतु ज्या पुस्तकात आपण केवळ दयेचे पात्र असतो, ते पुस्तक वाचून दुसऱ्यांचे डोळे ओले होतात आणि आपली मान मात्र खाली जाते. म्हणून आम्ही अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) पुन्हा काढून वाचली. दुष्काळात आपली माणसे मरू नयेत म्हणून सरकारी खजिन्यावर आणि धान्यावर हात टाकणारा तो मांगाचा वीर दया मागत नाही. अण्णाभाऊंनी ते पुस्तक डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केले आहे. त्यातला फकिरा भुकेला आहे, पण लाचार नाही. भुकेला म्हणजे लाचार नव्हे, हे आमच्या पुष्कळ लेखकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता चित्रांच्या पुस्तकांकडे वळतो. खरे सांगायचे तर या लेखाचे कारण तीच आहेत.

मोठ्या माणसांनी चित्रांचे पुस्तक वाचावे याचे कित्येकांस हसू येते. पण ही रीत आपल्या देशात नवी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथले ठाकर लोक चित्रांचे कागद एकामागून एक पुढे धरून, गाणे म्हणत, रामायण-महाभारताच्या कथा सांगत आले. त्या कागदांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. त्या चित्रकथीबद्दल परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्यांनी चित्रात वाचले. मग चित्राला कमी का लेखावे?

पुतणीने आणलेल्या पुस्तकांपैकी एक 'भीमायन'. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार जोडप्याची, मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग त्यात आहेत: १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह साताऱ्याहून गोरेगावी वडिलांकडे निघाला, तेव्हा वाटेत कोणी पाण्याचा घोट दिला नाही, बडोद्यास नोकरीवर असता राहण्यास जागा दिली नाही, आणि १९२७ साली महाडचे तळे. चित्रांना चौकटी नाहीत. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर जशी नक्षी असते, तशी नक्षीच पानभर फिरते आणि गोष्टीला वाट करून देते. बोलण्याचे फुगेही दोन जातीचे आहेत. भला माणूस बोलला की त्याचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. ज्याच्या मनात जातीचे विष आहे, त्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते.

पुस्तक इंग्रजी. आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना मराठी अक्षरही येत नाही. एका संध्याकाळी वीज गेली होती. पुतणी कंदिलापाशी पाने उलटीत बसली होती. मातोश्री शेजारी येऊन टेकल्या. तिने काही सांगण्यापूर्वीच त्यांनी एका पानावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "अगं, ह्यो बाबा इंचवावानी बोलतोय. ह्याच्या शब्दाला नांगी हाय बघ." आम्ही चकित झालो. आमच्यासारख्या शिकलेल्यास ती खूण पुतणीने समजावून द्यावी लागली होती.

पुढे पाण्याचे पान आले. मातोश्री बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग कोणी विचारले नसता बोलू लागल्या, "माझ्या म्हायेरी आड व्हता. आमी वर उभ्या ऱ्हायचो, अन् त्या बाया खाली घागर मांडून बसायच्या. आमी वरनं वतायचो. कवा लवकर वतायचो, कवा उनात बसवून ठिवायचो. पोरवयात त्याची गंमत वाटायची." थोडे थांबून म्हणाल्या, "अन् सासरी आले तवा तरी काय निराळं व्हतं?"

घरात कोणी काही बोलले नाही. आमच्या मातोश्री वाईट नाहीत. दारी आलेल्याला त्यांनी उपाशी परत पाठविल्याचे आम्हांस आठवत नाही. तरीही त्यांच्या हातात तो पोहरा होता, आणि आमच्या कितीतरी घरांतल्या आया-आज्यांच्या हातांत तो होता. सावकाराने आमच्या आजोबांस कसे नागविले, कचेरीत कसे ताटकळत ठेवले, या कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आडाची कथा आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकली. ती आम्हांस कोणा पुढाऱ्याच्या भाषणाने सांगितली नाही, इतिहासाच्या पाठाने सांगितली नाही. एका चित्राने ती बाहेर काढली.

जोतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, हे आपण सभांतून किती अभिमानाने सांगतो! तो हौद शेतकरी-माळ्याच्या घरचा होता, म्हणून अभिमान वाटणे रास्तच. परंतु अभिमानाबरोबर हाही प्रश्न येतो की, त्या दिवशी बाकीच्या घरांच्या आडांवर काय चालले होते?

दुसरे पुस्तक 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. जोतिरावांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'वर रचलेले. मजकूर श्रीविद्या नटराजन यांचा, चित्रे अपराजिता निनान यांची. तेही २०११ सालचे, त्याच प्रकाशनाचे. काळ्या-पांढऱ्या रेघांत जोतिबा आणि धोंडिबा यांचा संवाद पुन्हा उभा केला आहे, सावित्रीबाईही त्यात आहेत. तरुण मुलांस हे पुस्तक फार आवडेल. पण ते मिटताना आम्हांस चुटपुट लागली. जोतिरावांनी मराठीत, आपल्या लोकांना समजेल अशा ठसठशीत बोलीत जे लिहिले, ते चित्रांत आमच्या हाती आले ते इंग्रजीतून, दिल्लीहून! दोष दिल्लीवाल्यांचा नाही; त्यांनी काम केले. लाज वाटावयाची तर ती आपल्याला.

परदेशातले एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत आर्ट स्पीगलमन नावाच्या चित्रकाराने आपल्या म्हाताऱ्या बापाला जवळ बसवून विचारले, की हिटलरच्या छळछावणीत तुझे काय झाले. आणि बापाने सांगितले ते चित्रांत मांडले. त्यात ज्यू लोक उंदीर आहेत, नाझी मांजरे. 'माउस' नावाच्या त्या पुस्तकास १९९२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. विशेष हे की, लेखकाने बापाचे दुःख सांगितले आणि बापाचे दोषही झाकले नाहीत. छळ सोसून आलेला तो म्हातारा पुढे एका काळ्या माणसाला गाडीत घेतले म्हणून कसा चिडला, तेही मुलाने काढले आहे. ज्याने सोसले त्यानेही दुसऱ्यास तुच्छ मानावे, हे मुलास बोचले. आमच्या मातोश्रींचा आड आणि तो म्हातारा यांत आम्हांस काही अंतर दिसले नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, आपल्या घरची गोष्ट खरी कोणती, याची कसोटी सोपी आहे. जी नुसती आपली स्तुती करते ती भाटाची. जी नुसती आपली कीव करते ती परक्याची. जी आपले येणेही मांडते आणि देणेही मांडते, ती आपल्या घरची. दुकानदाराची वही एकाच बाजूने लिहिलेली असेल तर आपण तिला लबाडी म्हणतो. मग आपल्या कुळाची वही एकाच बाजूने का लिहावी?

म्हणून आमच्या वाचकांस तीन विनंत्या आहेत. पहिली, गावात सप्ताह बसतो, भजन होते, तसे आठवड्यातून एक रात्र वरीलपैकी एक पुस्तक मोठ्याने वाचावे, व त्या रात्री बायकांना मागच्या भिंतीशी न बसविता पुढे बसवावे. दुसरी, आपल्या मुलामुलींपैकी ज्यांचा हात चित्रात चालतो त्यांस 'हे काय पोट भरते काय' म्हणून हिणवू नये. मराठीत अशी चित्रकादंबरी फार थोडी आहे. ती आपल्या बोलीत आणि आपल्या घराला झेपेल अशा किंमतीत निघाली पाहिजे, आणि ती आपल्याच मुलांनी काढली पाहिजे. तिसरी विनंती सर्वांत जड आहे. घरातले म्हातारे माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसावे, आडाचे विचारावे, आणि ते जे सांगेल ते गाळ न काढता लिहून ठेवावे.

आमच्या इंदुरीहून भंडाऱ्याचा डोंगर दिसतो, आणि जवळच सुदुंबरे येथे संताजी जगनाड्यांची समाधी आहे. संताजी जातीने तेली. घाण्यावर राबणाऱ्या त्या हातांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. वह्या इंद्रायणीत बुडविण्याचा काळ होता. अशा काळी जे कागदावर उतरवून ठेवले तेच पुढच्यांच्या हाती लागले. खाचरे विकली जातील, आड बुजतील, म्हाताऱ्या माणसांबरोबर त्यांच्या आठवणीही जातील. लिहिले तेवढे राहील.

गढीखालच्या शेजाऱ्यास आमचे उत्तर असे: नाही दादा, कादंबरी वाचून भाताला खत पडत नाही. पण आमच्या घरात ऐंशी वर्षे मुकी असलेली एक गोष्ट बोलली. त्या रात्री मातोश्रींनी नातीला सांगितले की, उद्या मला त्या खालच्या आळीतल्या माझ्या वयाच्या बाईकडे घेऊन चल, तिच्याजवळ थोडे बसायचे आहे. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या ओसरीवर बसून तिच्या हातचा चहा पिऊन आल्या. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

वाचकांनी याचा विचार करावा, इतकेच आमचे मागणे आहे.